उंबऱ्याच्या आतला दावा

देवपूजेतले निर्माल्य आणि वकिलाच्या कार्यालयातले किस्से, दोन्हींची अडचण एकच. टाकवत नाहीत, आणि ठेवायला जागा नसते. रोज थोडे साचते. एक दिवस कोनाडा भरतो. मग निर्माल्य मातीला द्यावे आणि किस्से मित्रांना.

मी मुळात मितभाषी. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या कार्यालयात भिंतीवर एकच पाटी आहे : ‘आधी मागणे, मग हकिगत.’ पक्षकाराने खुर्चीत बसताच एका वाक्यात सांगायचे, काय हवे. वाक्य जमत नसेल तर बाहेरच्या बाकावर बसून जुळवायचे. वाटते तितके हे सोपे नाही. एका गृहस्थांना बायको नांदायला यावी असा दावा लावायचा होता. त्यांचे वाक्य जुळेपर्यंत बायकोच परत आली!

पुढचे किस्से मात्र एकाच पक्षकाराभोवतीचे आहेत आणि तिच्या परवानगीने सांगतो. परवानगी देताना ती एवढेच म्हणाली, “सांगा की आण्णा. फकस्त मला रडकी करू नगा.”

*

सुगंधाबाई प्रथम आल्या तेव्हा माझी सहायक वकील केतकी समोर बसली होती. केतकी वाईची. घरात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य. मुलगी कायदा शिकली आणि माझ्या शिस्तीत टिकली, याचे मला अजून नवल वाटते.

दारात हिरवे लुगडे, कपाळभर भंडारा, हातात यल्लम्माची परडी, आणि उंची अशी की चौकटीखालून येताना मान लववावी लागली. मंगळवार-शुक्रवारी परडी घेऊन दारोदार जोगवा मागणाऱ्या जोगत्या आपल्याकडे सर्वांनी पाहिलेल्या आहेत. त्यांतल्याच ह्या एक. जन्मल्या तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते; स्वतःला समजू लागल्यापासून त्या स्त्री आहेत.

मी पाटीकडे बोट दाखवले.

“मला माज्या घरात मरायचं हाय,” त्या म्हणाल्या.

केतकीची लेखणी थांबली.

“आन् त्याच्या आदी थोडं जगायचं बी हाय!”

हे पहिलेच मागणे, जे ऐकून मी उठून उभा राहिलो.

मग हकिगत. आष्ट्याजवळचे एक गाव. वडील निवृत्त सुभेदार, आई, धाकटा भाऊ दत्ता, त्याची बायको, लग्नाला आलेली मुलगी, आणि ऊस. ऐन तारुण्यात ह्यांना घराबाहेर काढले. तेव्हापासून सांगलीत भाड्याच्या खोल्या. शेजाऱ्यांनी कुरकुर केली की खोली सोडायची. आता आईवडील थकले होते.

“जमिनीत हिस्सा हवा?”

“जमीन दत्तानं कसली. त्याला ऱ्हाऊ द्या.”

“घरातून हुसकावणे हा कायद्याने गुन्हा आहे. भावावर फिर्याद देता येईल.”

“भावाला जेलात घालू, आन् त्याच्याच चुलीवरची भाकरी खाऊ व्हय? काय बोलता आण्णा!”

“मग नेमके हवे काय?”

त्यांनी परडी मांडीवर घेतली. “एक कोपरा. आई खोकली तर मला ऐकू यावं, एवढ्या अंतरावर.”

आयुष्यभर वकिली केली. इतके कमी मागणारा पक्षकार पाहिला नव्हता, आणि इतके अवघड मागणाराही नाही.

*

माझा एक नियम आहे. ज्याच्याविरुद्ध दावा लावायचा, त्याच्या घरचे पाणी आधी प्यायचे. समेट झाला तर देवाची कृपा. नाही झाला तर निदान माणूस कळतो.

जायचे ठरले तेव्हा सुगंधाबाई म्हणाल्या, “मी न्हाई येत. उद्या मंगळवार न्हाई.”

मंगळवारचा संबंध आम्हाला कळला नाही. केतकीने विचारले, तर नुसत्या हसल्या.

अंगणात दत्ताने खुर्च्या मांडल्या, चहा दिला, पाणी दिले. सज्जन माणूस. हाताला घट्टे. सुभेदार ओसरीच्या सोप्यात बाजेवर बसले होते, पाठ ताठ, नजर समोरच्या कडुलिंबावर. माझ्या नमस्काराला त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कडुलिंब.

मी कायदा सांगितला. आईवडील ज्या घरात राहतात त्या घरात राहण्याचा हक्क तृतीयपंथी व्यक्तीलाही आहे. ती तशी आहे एवढ्या कारणासाठी कोणी बाहेर काढू शकत नाही.

दत्ताने शांतपणे ऐकून घेतले.

“कायदा बराबर आसंल, सायेब. पर कायदा काय आमच्या गल्लीत ऱ्हायला येनार हाय का? लोकं आमच्या गल्लीत ऱ्हात्यात!”

“लोकांचे मी पाहतो. तुमचे काय?”

“ती आत आली की देवारा बाटंल.”

आता हे माझे क्षेत्र. मी म्हणालो, “दत्तात्रय, रोज सकाळी मी विष्णुसहस्रनाम म्हणतो. त्या हजार नावांत ‘बाटणारा’ असे नाव नाही.”

दत्ता निरुत्तर झाला; पण निरुत्तर होणे आणि पटणे यांत फार अंतर असते. शेवटी तो म्हणाला, “हिचा आमचा कायबी संबंध न्हाई. गेली तवापासनं ह्या उंबऱ्याला तिचा पाय लागल्याला न्हाई. इचारा कुनालाबी.”

आतून भांडे पडल्याचा आवाज आला. कोणी बाहेर आले नाही.

परतताना केतकी म्हणाली, “सर, ते भांडे पडले की टाकले?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दावा दाखल केला.

*

दावा चालू झाला की वेळ तारखांचा असतो. दोन तारखांच्या मधे आम्ही कायदा सांगत हिंडायचो. शाळा, महाविद्यालये, गावसभा, जिथे बोलावतील तिथे. मी कलमे सांगायचो. केतकी उदाहरणे द्यायची. शेवटी सुगंधाबाई प्रश्नांना उत्तरे द्यायच्या, आणि श्रोत्यांच्या लक्षात राहायची ती तेवढीच उत्तरे. वक्ता म्हणून मला हे कबूल करताना आनंद होत नाही.

विश्रामबागेतल्याच एका महाविद्यालयात मागच्या बाकावरचा एक हुशार मुलगा उठला.

“पण तुम्हाला संरक्षण कशाला पाहिजे? उलट लोकच तुम्हाला घाबरतात!”

वर्ग हसला. प्राध्यापक अस्वस्थ झाले. सुगंधाबाई त्याच्याकडे मायेने पाहत राहिल्या.

“बाळा, लोकं विजेच्या तारंलाबी भित्यात. म्हनून तारंला कुनी घरात घेऊन जेवाय घालतंय का?”

मुलगा बसला नाही. तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “सॉरी, मावशी.”

“बस आता. पाय दुकतील.”

*

साताऱ्यात एका बैठकीत कायद्यातल्या उणिवा मांडायला आम्हाला बोलावले होते. कायदा आहे ही गोष्ट चांगली. पण अत्याचाराला त्यात ठेवलेली शिक्षा तोकडी आहे, हे आमचे म्हणणे. स्त्रीवर अत्याचार झाला तर कठोर शिक्षा, आणि तोच अत्याचार ह्यांच्यावर झाला तर सौम्य, हा कसला न्याय? मी मुद्देसूद टिपण तयार केले होते. सत्यास जेवढे शब्द लागतात तेवढेच.

अध्यक्षस्थानी एक वजनदार गृहस्थ होते. त्यांनी टिपण चाळले, घड्याळ पाहिले आणि म्हणाले, “थोडक्यात सांगा. एवढा फरक पडतो का?”

मी तोंड उघडण्यापूर्वीच सुगंधाबाईंनी लुगड्याचा पदर सावरत डावा हात टेबलावर ठेवला. मनगटाजवळ हाड वाकडे जुळलेले होते. आम्हाला ते आजवर दिसले नव्हते. त्या हातावर नेहमी परडी असायची.

“सायेब, ह्ये हाड मोडलं तवा आवाज आला व्हता. बाईचं मोडल्यावं जसा येतो तसाच. तुमी फकस्त एवडं सांगा, ह्ये माजं हाड सवस्त कशापाई?”

गृहस्थांनी घड्याळ पालथे केले आणि टिपण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. ह्या वेळी ओळीवर बोट ठेवून.

परतताना गाडीत केतकीने हळूच विचारले, “ताई, कोणी केलं हो हे?”

“आगं, घरमालक व्हता. खोली खाली कर म्हनला. मी म्हनलं, भात शिजतोय, शिजला की जाते.” त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. “भात करपला माजा.”

*

कोयनानगरची सभा मात्र मी जन्मभर विसरणार नाही.

वसाहतीतल्या सभागृहात खुर्च्या मांडलेल्या. मंडळी आली ती अशी बसली की सुगंधाबाईंच्या भोवतीच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या राहिल्या. कोणी काही बोलले नाही. आपल्याकडे अपमान असाच करतात, नम्रपणे.

माझे कलम चालू असताना टेबलावरचा पाण्याचा तांब्या वाजू लागला. मग खिडक्यांची तावदाने. भूकंप! वाचकहो, मी गीतेचा दुसरा अध्याय तोंडपाठ म्हणणारा माणूस. आत्मा अविनाशी आहे हे मला ठाऊक आहे. तरी मी बाहेरच्या मैदानात केतकीच्या आधी पोचलो!

मागे वळून पाहतो तो सभागृह जसेच्या तसे. स्थानिक एकही माणूस उठला नव्हता. धरणाच्या गावाला अशा हादऱ्यांची सवय. एक आजोबा खिडकीतून हाक मारत होते, “आवं वकीलसायेब, या आत! न्हेमीचंच हाय ह्ये!”

खाली मान घालून आत आलो. पाहुण्यांपैकी एकच व्यक्ती जागची हलली नव्हती. सुगंधाबाई. मांडीवर परडी, दोन्ही हात तिच्यावर.

आजोबांना कौतुक वाटले. “आवं, तुमी न्हाई पळाला?”

“आबा, तुमची जमीन कवातरी हालती. आमची रोज हालती. उठून जायाचं कुटं?”

आजोबा आपल्या खुर्चीवरून उठले, चालत आले, आणि सुगंधाबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. त्यांच्या मागून एक बाई आली. मग आणखी एक. माझ्या उरलेल्या कलमांकडे कोणाचे लक्ष नव्हते. मीही ती आवरती घेतली.

*

तालुक्याच्या न्यायालयातला पुकारा करणारा शिपाई दत्ताच्या गावचा. त्याने सुगंधाबाईंना लहानपणापासून पाहिलेले. फलकावर त्यांचे आजचे नाव लिहिलेले असताना त्याने, सवयीने म्हणा की खोडीने, त्यांचे जुने, मुलाचे नाव पुकारले. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचे नाही.

सुगंधाबाई समोरच बाकावर बसलेल्या. उठल्या नाहीत. दुसरा पुकारा. तिसरा. मी आत न्यायाधीशांसमोर उभा. पक्षकार गैरहजर असा शेरा पडायची वेळ आली तशी केतकी बाहेर धावली आणि त्यांना घेऊन आली.

न्यायाधीश तरुण होते, पण गंभीर. “पुकारा ऐकू आला नाही का?”

“आला की, सायेब.”

“मग हजर का झाला नाहीत?”

“मी हजरच व्हते. ज्येला बोलिवलं त्यो आला न्हाई. त्यो कवाच यायचा न्हाई.”

न्यायाधीशांनी फलक मागवून पाहिला, शिपायाकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, “पुन्हा पुकारा करा. लिहिलेय तसा.”

शिपाई ओशाळला होता. प्रायश्चित्त म्हणून असेल, त्याने बाहेर जाऊन कोर्टाचे आवार दणाणेल अशा आवाजात पुकारा केला, “सुगंधाबाईऽऽ हाजिर हो!”

आणि त्या आतून, वर्षानुवर्षांच्या सवयीने, तेवढ्याच खणखणीत आवाजात ओरडल्या, “उदं गं आई, उदं!”

आवारात तारखेला आलेले शंभरेक लोक. वादी, प्रतिवादी, जामीनदार. अर्ध्यांनी विचार न करता साथ दिली, “उदंऽऽ!”

न्यायाधीश हसले नाहीत. पण पुढचे वाक्य सांगायला त्यांनी बराच वेळ घेतला.

*

दत्ताचे वकील माझे जुने स्नेही. विद्वान. त्यांनी असा मुद्दा काढला की मी मनातल्या मनात त्यांना दाद दिली.

संन्यास घेतलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने घरादाराला मेलेला असतो. त्याचा कुटुंबाशी संबंध सरतो. सुगंधाबाईंनी स्वतःहून परडी घेतली, गळ्यात देवीचे मणी बांधले, म्हणजे त्या देवाच्या झाल्या. संसाराला मेल्या. मेलेल्याला घरात राहण्याचा हक्क कसला? शिवाय घर सोडल्यापासून उंबऱ्याला पायही लागलेला नाही!

माझे उत्तर तयार होते. पण आमची साक्षीदार आधी होती. आई.

ती येईल अशी आशा नव्हती. दत्ताच्या घरात राहून दत्ताच्या विरुद्ध साक्ष! ती एकटी एस. टी.ने आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिंजऱ्यात उभी राहिली ती नजर खाली घालून. सुभेदार आले नव्हते.

दत्ताच्या वकिलांनी गोड आवाजात विचारले, “आजी, सुगंधा घर सोडून गेल्यापासून तुमच्या घरी कधी आली?”

“दर मंगळवारी.”

वकिलांनी दत्ताकडे पाहिले. दत्ता जमिनीकडे.

“दर मंगळवारी? कशाला?”

“जोगवा मागाय. उंबऱ्याच्या भायेर हुबी ऱ्हायची. ‘उदं’ म्हनायची. मी परडीत जोंधळं घालायची. ती मला भंडारा लावायची. देवीच्या परडीला न्हाई कसं म्हनायचं? म्हनून दत्ता मंगळवारी सकाळीच रानात जायाचा.” तिने पदराने तोंड पुसले. “तेवडंच बगनं व्हतं. बोट लागायचं कपाळाला.”

सुगंधाबाई ‘उद्या मंगळवार न्हाई’ असे का म्हणाल्या होत्या, ते मला तेव्हा कळले.

माझे स्नेही सावरले. “म्हणजे ती भिक्षेकरी म्हणून आली. मुलगी म्हणून नव्हे. तिला तुम्ही देवाला वाहिलेली मानता की नाही?”

“मानते की.”

“मग झाले तर! देवाला वाहिलेली वस्तू आपली राहते का?”

म्हातारीने प्रथमच मान वर केली.

“देवाला वाहिल्यालं देवाऱ्यात ठेवत्यात, सायेब. रस्त्यावं न्हाई!”

माझ्या हातात संन्यासाच्या मुद्द्यावरचे निवाडे होते. खुणा घातलेले, क्रमाने लावलेले. मी ते मिटून ठेवले. वाचायचे राहिलेच. न्यायालयात देवाचे नाव मी उगाच घेत नाही; त्या दिवशी मनात घेतले.

*

निकाल आमच्या बाजूने लागला. सुगंधाबाईंना त्या घरात राहण्याचा हक्क आहे. त्यांना कोणी अडवू नये, काढू नये.

त्यानंतर आठवड्याच्या आतच दत्ता कार्यालयात आला. एकटा. खुर्चीत बसला, पाटी वाचली, आणि एका वाक्यात मागणे सांगितले. “आण्णा, अपील करू का नगं, तेवडं सांगा.”

केतकीला ठसका लागला. मी म्हणालो, “दत्तात्रय, मी तुझा वकील नव्हे. तुझ्या विरुद्ध पक्षाचा वकील आहे.”

“म्हनून तर तुमाला इचारतोय! आमचा वकील कर म्हननारच.”

“मला सल्ला देता येत नाही. धर्माला सोडून होईल.”

“बरं, सल्ला नगं. मग नुसतं ऐका.” तो टोपी हातात चुरगाळत बसला. “पोरीला सोयरीक बगतोय. लोकं बगाय येत्यात. सोप्यात ही दिसली तर? इचारतील, ही कोन? काय सांगू?”

आतल्या खोलीत केतकीच्या टेबलाशी बसलेल्या सुगंधाबाई पडदा बाजूला करून बाहेर आल्या. बहीणभाऊ इतक्या जवळ किती काळाने आले होते, देव जाणे.

“पावनं आलं की मी परसात जाऊन बसीन, दत्ता. लग्नात मांडवाच्या भायेर हुबी ऱ्हाईन. मला सवय हाय.”

दत्ताने तिच्याकडे पाहिले नाही. छताच्या पंख्याकडे पाहिले, माझ्या पाटीकडे पाहिले. मग उठून दारापर्यंत गेला आणि तिथूनच, पाठ वळवलेलीच, म्हणाला, “कारखान्यावं ऊस घालून सोमवारी ट्रॅक्टर माघारी येतोय. ट्रॉली मोकळीच आसती. काय सामान आसंल तर बांदून ठीव.”

*

सोमवारी मी आणि केतकी आधीच गावात पोचलो. आदेश हातात होता. कोणी अडथळा आणलाच तर दाखवावा, म्हणून.

घराच्या वाटेवर मारुतीच्या देवळापुढे पार आहे. पारावर गावातले जुने फौजी रोज बसतात. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळे तो पार म्हणजे पेन्शनवरची एक पलटणच. कडेला सुभेदार बसले होते. पाठ तशीच ताठ. आज कडुलिंब नव्हता, म्हणून रस्त्याकडे पाहत होते.

सगळ्यांत वडीलधारे एक ऑनररी कॅप्टन होते. मिशा पांढऱ्याशुभ्र. त्यांनी मला शेजारी बसवून घेतले, तंबाखू मळता मळता आवाज बारीक केला.

“वकीलसायेब, सुभेदाराचं थोरलं मिल्ट्रीत हाय. ठावं हाय न्हवं तुमाला?”

मी दचकलो. “मिलिटरीत? कोण सांगते?”

“सुभेदार सांगतो. पोर घरातनं गेलं तवापासनं सांगतोय. लांब पोस्टिंग हाय, रजा मिळत न्हाई.”

“आणि तुम्ही सर्वांनी विश्वास ठेवलात? सगळे फौजी असून?”

कॅप्टननी तंबाखू तोंडात टाकली. “रजा न्हाई मिळाल्याला फौजी मी तर बगितला न्हाई. पर आमी कुनी पलटनीचं नाव इचारलं न्हाई. कवाच.”

ट्रॅक्टरचा आवाज आला. वळणावरून दत्ता. मागे रिकामी ट्रॉली, तिच्यात एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, आणि पेटीवर ताठ बसलेल्या सुगंधाबाई, मांडीवर परडी. दत्ताने पारापुढे ट्रॅक्टर थांबवला. तिथून पुढे घराची गल्ली अरुंद, ट्रॉली आत जात नाही. सुगंधाबाई खाली उतरल्या. पार बघून जागीच थबकल्या. परडी छातीशी धरली.

पलीकडच्या पानपट्टीवर उभा असलेला कोणी एक, परगावचा असावा, मोठ्याने म्हणाला, “आवं सुभेदार, कोन वो ह्या?”

सुभेदार उठले. दत्ता ट्रॅक्टरच्या सीटवर खाली मान घालून बसला होता. केतकीने माझ्या हातातल्या आदेशाकडे पाहिले. मी तो घडी करून खिशात ठेवला. तिथे त्याचे काम नव्हते.

“माजी,” सुभेदार म्हणाले. घसा खाकरला. मग परेड मैदानावर पोचेल अशा आवाजात, “माजी थोरली!”

कोणी हलले नाही.

तेव्हा कॅप्टन गुडघ्यांवर हात टेकत सावकाश उभे राहिले. उपरण्याने पारावरची आपली जागा झटकली, आणि सुगंधाबाईंना हाताने जवळ बोलावले.

“ये पोरी, बस घटकाभर. लय लांबच्या पोस्टिंगवरनं आलीस.”